गैरहजरांची नावं

मंडळीत, म्हणजे सगळ्यांसोबतच्या उपासनेला, गेल्याशिवाय देव भेटत नाही, हे मला तरुणपणी कधी पटलं नाही. ते दिवस निजामाच्या अमलातले. मी उमरग्याच्या कचेरीत नकलनवीस होतो, म्हणजे अर्जांच्या आणि निकालांच्या नकला सुवाच्य अक्षरात उतरवून देणारा कारकून. अक्षर चांगलं, उर्दू येत होती, आणि आमच्या वस्तीतल्या दहा-बारा ख्रिस्ती घरांत कचेरीत जाणारा मी एकटाच. त्यामुळे डोक्यात जरा हवा गेली होती.

राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. रविवारी कचेरी भरायची आणि लोकही कामावर जायचे. म्हणून आमची उपासना रविवारी पहाटे, मशिदीतली अजान झाली की सुरू व्हायची. घड्याळ कोणाकडेच नव्हतं. अजान हीच आमची घंटा. माझ्या घराला लागून असलेल्या मार्थाबाईंच्या ओसरीवर चटया पडत, आमचे उपदेशक कंदील घेऊन येत, आणि उजाडेपर्यंत सगळं आटोपून बाया रानाची वाट धरत. मला ती पहाट जड जाई. एकदा मी उपदेशकांना सुचवलं की उपासना शुक्रवारी ठेवावी, निवांतपणे करता येईल. ते शांतपणे म्हणाले, "तुमाला शुक्रवारी सुट्टी हाय. रानात जाणाऱ्या बायांला कुठल्या वारी हाय?" बोलणं खरं होतं, म्हणूनच ते मला झोंबलं.

तेव्हापासून मी जाणं सोडलं. शुक्रवारी घरीच एकट्यानं उपासना करायची असं ठरवलं. पहिल्या शुक्रवारी तासभर बसलो, पवित्र शास्त्र वाचलं, दोन गीतं म्हटली आणि स्वतःवरच खूश झालो. महिन्याभरात तासाचा अर्धा तास झाला, मग जेवणाआधीची दोन वाक्यं, आणि पुढं तीही राहिली. रविवारी पहाटे भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं की मी गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायचो. बायको नेमानं जायची, पण मला कधी टोचून बोलली नाही. बोलली असती तर भांडायला तरी मिळालं असतं.

मग ती बाळंतपणाला जळकोटला माहेरी गेली. मुलगी झाल्याचा निरोप आला, तेव्हा मी शुक्रवारला जोडून दोन दिवसांची रजा घेतली. शेजारच्या रशीदभाईंना गुरुवारीच सांगून ठेवलं की पहाटे निघतो. सासरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून थोडी ज्वारी न्यायची होती. ती घरामागं, परड्यातल्या पेवात होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी, तोंड अरुंद आणि पोट मोठं. तोंड उघडून हवा जाऊ दिली, कंदील खाली सोडून तो विझत नाही हे पाहिलं आणि मगच दोरानं उतरलो. एवढी काळजी घेतली, पण दोर बांधलेला खुंटा वाळवीनं पोखरलाय हे पाहिलं नाही. वर चढताना खुंटा उपटून आला आणि मी खाली आदळलो. उजव्या पायाचं हाड मोडलं.

मी खूप ओरडलो. पण पेवातला आवाज पेवातच फिरतो. ज्वारी भरायला नेलेला पत्र्याचा डबा बडवला, तर पलीकडं दिवसभर लोहाराचे घण चालू. त्यात माझा ठोका वेगळा कोण काढणार? रात्री घण थांबत, पण तेव्हा सगळी वस्ती दारं लावून झोपलेली. आणि मला शोधणार तरी कोण? रशीदभाईंच्या लेखी मी जळकोटला होतो, जळकोटला वाटत असणार की रजा मिळाली नाही, आणि कचेरीत रजा मंजूर होती. माझ्याच चोख बंदोबस्तामुळे माझी वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. जीभ टाळूला चिकटली, पाय सुजला, आवाज बसला. मुलीचं तोंड न पाहताच मरायचं, हे मला कळून चुकलं. प्रार्थना करायला गेलो तर शब्द सुचेनात. सवयच राहिली नव्हती. मला स्वतःची फार लाज वाटली.

रविवारची अजान झाली. थोड्या वेळानं ओसरीवरचं गाणं कानावर आलं. मी जमेल तसा डबा वाजवू लागलो, पण एवढ्या गळ्यांपुढं आणि झांजांपुढं तो काय ऐकू जाणार? गाणं थांबलं. मग काहीच ऐकू येईना. उठून गेले सगळे, असं वाटून मी रडलो. देवा, माझ्याच्यानं आता काही होत नाही, तूच बघ, एवढंच मनात आलं आणि उरल्यासुरल्या जोरानं तीनदा डबा वाजवला.

वर काय घडलं ते नंतर कळलं. मी जाणं सोडल्यावर उपदेशकांनी एक रीत पाडली होती, आणि बायकोनं ती मला कधी सांगितली नव्हती. गाणं झालं की जो आला नसेल त्याचं नाव ते मोठ्यानं घेत, आणि सगळे गप्प राहून त्याच्यासाठी मनात प्रार्थना करीत. सात महिने, दर रविवारी, पहिलं नाव माझं असे. त्या दिवशीही त्यांनी ते घेतलं आणि ओसरी शांत झाली. त्या शांततेत म्हाताऱ्या मार्थाबाईंनी तीन ठोके ऐकले. उपदेशक पुढचं नाव घेणार, तोच बाईंनी हात वर केला.

"थांबा मास्तर," त्या म्हणाल्या. "त्यो गावाला गेलेला न्हाय. परड्यातनं आवाज येतुया. त्यो हितंच हाय."

नमाजाहून परतणारे रशीदभाई गलका ऐकून धावले. कमरेला दोर बांधून तेच आधी खाली उतरले. मला वर ओढलं ते रानात जाणाऱ्या बायांनी. त्या दिवशी त्यांची कामाची वेळ टळून गेली.

हा चमत्कार होता का, यावर मी वाद घालणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या पहाटे प्रत्येक जण माझ्यासारखा आपापल्या घरी प्रार्थना करत बसला असता, तर मी कोणाला ऐकू गेलो नसतो. एकट्याच्या उपासनेत कोणी गैरहजर नसतं, म्हणून कोणाची वाटही पाहिली जात नाही. प्रभूच्या हाती स्वतःला सोपवायचं म्हणजे त्याच्या माणसांच्या हातीही सोपवायचं, हे मला मोडल्या पायानं शिकवलं. प्रभूचे उपकार माझ्यानं फिटणारे नाहीत.

पुढच्या रविवारी मला बाजेवर घालून ओसरीवर नेलं. बायको आदल्या दिवशीच आली होती, मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. गाणं झालं. उपदेशकांनी तापानं पडलेल्या एका बाईचं नाव घेतलं, आणि आम्ही सगळे गप्प राहिलो. मग त्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली. माझं नाव आलं नाही. मला रडू आवरेना.