डावीकडे पळताना टाकलेला चेंडू

मँचेस्टरच्या दक्षिणेला, मर्सी नदीच्या काठच्या मैदानांवर, रविवारी सकाळी बायकांचा एक संघ अमेरिकन फुटबॉल खेळतो. त्यात अंगावर धडका नसतात. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लटकवलेल्या असतात आणि जिच्या हातात चेंडू, तिची फीत ओढली की तो डाव तिथेच थांबतो. दीक्षा मेश्राम या संघात आली ती नागपूरच्या हँडबॉलच्या जोरावर. विद्यापीठाकडून खेळलेली, खांद्यात ताकद, नजर पक्की. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडायची, म्हणून ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिला इथे आणून सोडलं होतं. पहिल्याच सकाळी ट्रेसी नावाच्या कोचने तिच्या हातात तो दोन्हीकडे टोकदार चेंडू दिला आणि लांब उभ्या असलेल्या पोरीकडे टाक म्हणाली. चेंडू गरगरत गेला आणि त्या पोरीच्या पोटात बसला. ट्रेसीने तिथल्या तिथे ठरवलं, ही आपली क्वार्टरबॅक. म्हणजे मागे उभं राहून चेंडू फेकणारी.

संघात आणखी एक मराठी बाई होती. चैत्राली पुण्याची, बँकेत नोकरीला, आणि चेंडू झेलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिचा नवरा यतीन कॅमेरा गळ्यात घालून कडेला उभा असायचा. मराठी ऐकून चैत्रालीला आधी आनंद झाला. तिने दीक्षाला गाडीतून घरी सोडलं, वाटेत दुकानात थांबून दोघींनी कोथिंबीर घेतली. गाडीत दीक्षाने सहज सांगितलं की एप्रिलमध्ये आमचा जयंतीचा कार्यक्रम असतो, जेवण फार छान असतं, तुम्ही दोघं या. चैत्राली अच्छा म्हणाली. मग जरा वेळाने तिने आडनाव विचारलं, आणि त्यानंतर पुढचा सगळा रस्ता रस्त्याच्या खोदकामांबद्दल बोलत राहिली. पुढच्या रविवारपासून गाडीत जागा नसायची. दीक्षा ट्रामने येऊ-जाऊ लागली.

एवढ्यावर भागलं असतं तर दीक्षाने ते सोडून दिलं असतं. पण तिच्या खेळात एक खोट होती आणि ती लवकरच उघडी पडली. उभ्याने तिचा नेम चुकत नसे. पण समोरून कोणी अंगावर धावून आलं की क्वार्टरबॅकला पळावं लागतं, आणि पळताना तिचा चेंडू भलतीकडे जायचा. उजवीकडे पळताना निदान खांदे साथ द्यायचे. डावीकडे पळताना मात्र कंबर एकीकडे, हात दुसरीकडे, आणि पळण्याचा वेग चेंडूला आपल्याबरोबर ओढून न्यायचा. ज्या पोरीसाठी टाकावा तिच्या पुढून तो निघून जायचा. हँडबॉलमध्ये ती उडी मारून, हवेत थबकून फेकायची. इथे थबकलं की फीत गेलीच. विरुद्ध संघांना हे कळायला वेळ लागला नाही. ते मुद्दाम तिला डावीकडे रेटू लागले.

एका सामन्यात असे ओळीने तीन चेंडू वाया गेले. सगळ्या पाणी प्यायला कडेला आल्या तेव्हा चैत्रालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून, समजूत काढावी तशा आवाजात मराठीत म्हणाली, "वाईट नको वाटून घेऊस. तुम्हा लोकांना जागा मिळायला काही येणं कुठे गरजेचं असतं?"

इंग्लिश पोरींना वाटलं, किती धीर देतेय. यतीन दोन पावलांवर होता. त्याने कॅमेऱ्यात डोकं घातलं.

"मला कळलं तू काय म्हणालीस ते," दीक्षा म्हणाली.

"मराठीत बोलले. कळणारच."

दीक्षाने हे ट्रेसीला सांगितलं नाही. सांगायचं तर पार सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं: आडनाव म्हणजे काय, जागा म्हणजे काय, आणि हसून बोललेल्या एका वाक्यात एवढं काय लागलं. ट्रेसीच्या लेखी त्या दोघी एकाच देशातल्या मैत्रिणी होत्या. शिवाय पुरावा काय? तिने गप्प बसायचं ठरवलं. मात्र त्या दिवसापासून तिने चैत्रालीशी बोलणं टाकलं, आणि चैत्रालीही चेंडू मिळाला नाही की सगळ्यांदेखत हात हवेत उडवून दाखवू लागली.

पुढच्याच सरावात ते घडलं. दीक्षा डावीकडे पळत होती, फीत ओढणारी पोर अगदी पाठीशी आली होती, आणि तिने मैदानाच्या पलीकडे उभ्या असलेल्या एकीसाठी चेंडू टाकला. तो बोटांतून निसटला. चैत्राली आपली धाव संपवून परत चालत येत होती, बघत होती दुसरीकडे. चेंडूचं टोक तिच्या नाकावर बसलं. रक्त हनुवटीवरून जर्सीवर आलं. पोरी तिच्याकडे धावल्या. दीक्षा जिथे होती तिथेच उभी राहिली.

"तिने मुद्दाम मारला," चैत्राली इंग्रजीत म्हणाली, नाकाला टॉवेल लावून.

ट्रेसीने दीक्षाला बाजूला घेतलं. दीक्षा म्हणाली की पळताना मला समोरचं मैदान सापडत नाही, हे हीच बाई दर रविवारी सगळ्यांना सांगते. मग हिचं नाक बरं सापडलं? ट्रेसीला हसू आलं नाही. बाकीच्यांनाही तो अपघात वाटला नाही. त्यांनी पाहिलं होतं की ही धावत गेली नाही, सॉरी म्हणाली नाही. ते खरंच होतं. नेम धरून मारला नव्हता, हे दीक्षाला पक्कं ठाऊक होतं. पण रक्त पाहून तिला वाईटही वाटलं नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार. ट्रेसीने दुसऱ्या पोरीला क्वार्टरबॅक केलं. दीक्षा बाकावर बसली.

तिने संघ सोडला नाही. सोडला असता तर चैत्रालीला हवं तेच झालं असतं. संध्याकाळी ऑफिस सुटलं की ती बागेत जायची आणि सोबत धम्मशीलाताईंना न्यायची. या ताई हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, जयंतीच्या कार्यक्रमात भाषणं करणाऱ्या, खेळाशी जन्मात संबंध नाही. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "मी उभी राहीन, पण झेलणार नाही. आणि नाकावर मारलंस तर ऑपरेशनची सोय तूच बघायचीस." झाडाला टेकून त्या फोनवर बोलत उभ्या राहायच्या आणि चेंडू गेला की आणायला जायच्या.

दीक्षाने फेक मोडून पुन्हा बसवली. नुसतं आडवं पळत सुटायचं नाही. शेवटची पावलं जिच्याकडे टाकायचं तिच्या दिशेने वळवायची, म्हणजे कंबर आपोआप उघडते. डावा खांदा आधी तिच्याकडे न्यायचा. आणि ती जिथे पोचणार त्याच्या जरा मागेच नेम धरायचा, कारण उरलेलं अंतर पळण्याचा वेगच भरून काढतो. हे डोक्याला लवकर कळलं, अंगाला कळायला उन्हाळा गेला. कैक दिवस चेंडू बागेतल्या तलावात गेला. नागपूरहून आई, कांताबाई, फोनवर विचारायची, "एवढी काऊन जिवाले लावून घेऊन राहिली? खेळच हाय नं तो." दीक्षा म्हणायची, हो, खेळच आहे.

ग्लासगोच्या संघाबरोबरच्या सामन्यात नव्या क्वार्टरबॅकचा घोटा मुरगळला. ट्रेसीने बाकाकडे पाहिलं आणि दीक्षाला उठ म्हणाली. गुण बरोबरीत होते. शेवटच्या डावात ग्लासगोवाल्यांनी तिला डावीकडेच रेटलं. दोघी झेलणाऱ्या अडकलेल्या होत्या. मोकळी होती ती एकटी चैत्राली, कोपऱ्याकडे पळणारी. दीक्षाने पावलं वळवली आणि टाकला. चेंडू चैत्रालीच्या छातीशी, दोन्ही हातांत, जिथे पाहिजे तिथेच गेला. ती रेषेपार झाली. सामना जिंकला.

पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. चैत्राली मात्र चेंडू काखेत धरून सरळ ट्रेसीकडे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाली की आता तरी बघितलंस ना, हिला पळताना हवं तिथे मारता येतं, तेव्हाही मुद्दामच मारला होता.

दीक्षाला आधी वाटलं, नेहमीसारखं गिळावं. मग तिने चैत्रालीचं ते जुनं वाक्य, जसंच्या तसं, इंग्रजी करून सगळ्यांपुढे ठेवलं. तुम्हा लोकांना म्हणजे कोण, तेही सांगितलं. चैत्राली म्हणाली, असं काही मी बोललेच नाही, हिने चुकीचं भाषांतर केलंय.

"यतीन जवळच होता," दीक्षा ट्रेसीला म्हणाली. "त्याला विचार."

ट्रेसीने विचारलं. यतीन कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला. बायकोकडे न बघता म्हणाला, "हो. म्हणाली होती ती."

चैत्रालीने चेंडू गवतावर टाकून दिला. थोड्या वेळाने त्यांची गाडी पार्किंगमधून निघाली तेव्हा ती यतीनशेजारी नव्हती, मागे बसली होती.

क्लबने चौकशी केली आणि चैत्रालीला हंगामभर खेळू नको म्हणून कळवलं. ती परत आलीच नाही. दुसऱ्या शहरातल्या संघाकडून खेळू लागली. क्वार्टरबॅकची जागा दीक्षाला मिळाली, पण त्याबद्दल कोणी तिचं अभिनंदन केलं नाही. चौघीजणी चैत्रालीच्या जवळच्या होत्या. चांगली झेलणारी गेल्यावर संघ पुढचे सामने हरत गेला, आणि हरल्यावर त्या कोणाकडे बघायच्या हे दीक्षाला न बघताच कळायचं. तिला निरोप न देताच पबमध्ये जमणं ठरू लागलं. ट्रेसी सरावात तिच्याशी नीट वागायची. जास्त काही बोलायची नाही.

धम्मशीलाताईंनी सुचवलं की संघ बदल, मँचेस्टरात काय कमी आहेत. दीक्षा म्हणाली, जागा माझी आहे, मी का जाऊ?

थंडी सुरू झाली तशी एका रविवारी ट्रेसीने जोड्या लावल्या आणि त्या चौघींतली हॉली नावाची पोर दीक्षाच्या वाट्याला आली. हॉली समोर जाऊन उभी राहिली. दीक्षा डावीकडे पळाली, पावलं वळवली, चेंडू टाकला. तो हॉलीच्या हातात बसला. हॉलीने तो गरजेपेक्षा बऱ्याच जोरात, सरळ तिच्या तोंडावर परत फेकला. दीक्षाने झेलला. बोटं झिणझिणली. ती परत पहिल्या जागेवर गेली आणि हॉलीला म्हणाली, पुन्हा.