उसवलेला डॅनिश शब्द

माझी नात डेन्मार्कला असते. सून तिकडचीच, त्यामुळे नातीचं मराठी "आजी, जेवलीस?" इथवर येऊन थांबतं. पुढचं बोलायला मुलाला मध्ये दुभाष्या म्हणून बसवावं लागायचं. मला ते पटेना. त्रेसष्टाव्या वर्षी मी डॅनिश शिकायला घेतलं. मीरा रोडला शेजारणीशी हिंदी आणि वाण्याशी मोडकी गुजराती बोलून जीभ तयारच होती. "अब ये भी सीखोगी?" शेजारीण हसली. म्हटलं, "पोती के लिए सब सीखेगी."

शिकवायला फोनवर नातच; वय आठ, पण मास्तरीण कडक, अगदीच अडलं तर तिचा बाप मराठीत सांगायचा. लांब शब्दाला घाबरायचं नाही, मागून सोडवत यायचं, हा तिचा पहिला धडा. तिकडचे लोक शब्दाला शब्द जोडत जातात, फार तर मध्ये एक 'स' घालतात टाक्यासारखा. मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, उसवायचं मला काय नवीन! शेवटी 'हेद' दिसलं की तो आपला 'पणा': एकटेपणा, वेडेपणा. 'बार्न' म्हणजे मूल आणि 'बार्नदोम' म्हणजे बालपण. 'ल्यूस' म्हणजे नसलेलं. मला झोप लागत नाही म्हटल्यावर तिने शब्द दिला, स्यौन-ल्यूस-हेद. झोप-नसले-पणा. मला तो भारी आवडला. नुसतं 'झोप नाही' म्हटलं की लोक गोळी घ्या म्हणतात; हा शब्द उच्चारला की दुखण्याला जरा वजन येतं. नात सायकल शिकत होती तेव्हा सायकलीला मागे दोन छोटी टेकूची चाकं लावली होती, त्यातून 'स्त्योटे' म्हणजे टेकू हेही मला कळलं.

असं छान चाललेलं असताना गणपतीचा विषय निघाला. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. गावच्या घरातला गणपती आमच्यात पाळीने असतो, एकेका वर्षी एकेका घराकडे. यंदा पाळी आमची. माझे यजमान आता नाहीत, त्यामुळे पूजेला बसायचं ते मुलाने. तो म्हणाला, "आई, सुट्टी नाही मिळत."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुझ्यावाचून ऑफिसला टाळं लागतं वाटतं! एवढं काय काम करतोस रे?"

मी फोन ठेवला आणि आठ दिवस केला नाही. माझ्या रागाला औषध नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

नवव्या दिवशी नातीने बापाच्या फोनवरून फोटो पाठवला. तिने स्वतः पाव भाजले होते आणि ताट टेबलावर मांडलं होतं. ताटाखाली एक कागद होता. फोटोत डॅनिश अक्षरं दिसली की मोठी करून वाचायची मला एव्हाना खोडच लागली होती. वर मुलाचं नाव होतं आणि त्याखाली ओळभर लांब एकच शब्द. मी खुशीत वही घेतली आणि मागून उसवायला लागले.

शेवटी 'स्त्योटेल्से', म्हणजे टेकू देणं. त्याच्या अलीकडे 'ओनर', खाली. खालून दिलेला टेकू, म्हणजे आधार. किती चांगला शब्द, मनात म्हटलं. अलीकडे 'हेद', पणा. त्याच्या अलीकडे 'ल्यूस'. वाटलं, पोरालाही माझ्यासारखी झोप लागेनाशी झाली की काय? सगळ्यात पहिला तुकडा उरला, 'आर्बाइड'. तो मला कोणी मुद्दाम शिकवला नव्हता. आधी आधी बाबा कुठे, असं विचारलं की नात तोच शब्द सांगायची. काम.

काम-नसले-पणाचा आधार. म्हणजे काम नसलेल्याला तिकडे मिळणारे पैसे; ते मिळावेत म्हणून माझ्या मुलाने अर्ज केला होता. आणि मी त्याला विचारलं होतं, एवढं काय काम करतोस रे. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मी तेव्हाच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे कामाच्या दिवसाची सकाळ होती आणि तो घरातच होता, दाढी वाढलेली.

"गेला का राग?" त्याने विचारलं.

"ताटाखालचा कागद वाचला मी."

"एवढा मोठा शब्द? तू वाचलास?" तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा बदलला. "तीन महिने झाले, आई. इथे सगळ्यांना सांगितलं मी. सांगता येतं. तो शब्दच एवढा लांब आहे की त्यात मी कुठे दिसतच नाही. मराठीत काय सांगणार होतो तुला? बेकार झालोय म्हणून?"

त्याने वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला.

"गावाला सगळे विचारणार, काय करतोस. काय तोंड घेऊन बसू पूजेला?"

"माझं चुकलं," मी म्हटलं. आईने मुलाला असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. पण चुकलं होतं, आणि त्याला जवळ घ्यायला माझे हात तिथवर पोचत नव्हते. तो डोळे पुसत होता, मीही पुसत होते.

"आई, माझं काम गेलंय," तो शेवटी म्हणाला, लहानपणी पडून घरी आल्यावर सांगायचा तसं.

"गेलं तर गेलं," मी म्हटलं. "तू जन्मलास तेव्हा कुठल्या कामावर होतास रे? तरी अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते मी."