रतनआक्काची नदी आणि याकूबच्या ट्यूबा

नदीत कुणी वाटेकरी आलेला रतनबाईला खपत नसे.

गुंजवणे गावाच्या खालच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी तिची वाडी. पूल नव्हता तेव्हा भर पावसात पलीकडं जायचं झालं, तर वाळक्या भोपळ्यांची सांगड छातीशी बांधून आधी रतनबाई पाण्यात उतरायची, मग तिच्यामागून बाकीचे. वाडीतल्या निम्म्या लोकांना पोहायला तिनंच शिकवलेलं. पुढं पुण्याची मंडळी गड उतरून घामेजली की डुंबायला नदीवर येऊ लागली. "मावशी, कुठं उतरू?" असं विचारायची. मग रतनबाई पदर खोचून पुढं. हा डोह कमरेएवढा, तो दोन पुरुष, त्या रांजणखळग्यात पाय घालू नका, मुरगळंल. लोक 'मावशी, मावशी' करायचे आणि तिला मूठभर मांस चढायचं.

सत्त्याण्णव साली भादव्यात भोरचा याकूब टेम्पो घेऊन आला. त्याचं पंक्चरचं दुकान होतं. ट्रकच्या जुन्या ट्यूबा फुगवून त्यानं नदीत सोडल्या आणि लोकांना त्यात बसवून वरच्या डोहापासून खालच्या उतारापर्यंत वाहत न्यायला सुरुवात केली. दर रविवारी गर्दी. आता 'मावशी' कुणी विचारीना, जो तो 'याकूबभाई' करी.

तेही तिनं गिळलं असतं. पण एका रविवारी तिनं आपला नवरा पाहिला. सावळाराम पाण्याला भिणारा माणूस. वीस वर्षं विनवण्या करूनही तो कधी गुडघ्याच्या वर पाण्यात शिरला नव्हता. आणि आज ट्यूबमध्ये रेलून, दोन्ही पाय वर करून, लहान लेकरागत खिदळत चालला होता!

"लई मजा येती गं," रात्री जेवताना तो म्हणाला. "तू बी बस एकदा."

"बसते. तुझ्या याकूबच्या डोक्यावर," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात करपलेली भाकरी टाकली.

याकूबच्या मनात मात्र काही नव्हतं. एकदा तो मुद्दाम तिच्या दारात आला.

"आक्का, उताराच्या खाली तो मोठा खडक हाय ना, तिथवर ट्यूबा नेल्या तर चालंल का?"

त्या खडकाखाली कपार होती. पाणी चढलं की ती माणसाला आत ओढायची. रतनबाईनं आपल्या डोळ्यांनी एक रेडकू त्यात गेलेलं पाहिलं होतं.

"मला काय इचारतूस?" ती म्हणाली. "तुला समदं ठावं हाय की."

पुढच्या रविवारी ती वरच्या अंगाला धुणं धूत होती. इथं ऊन, पण तोरण्याकडं आभाळ काळंकुट्ट. पाण्यावरून वाळकी पानं आली, मागून काटक्या, मग पाण्याला मातीचा वास. डोंगरावर पाऊस कोसळला होता. लोंढा आता येणारच. खाली याकूबनं कॉलेजच्या मुलींना ट्यूबांमध्ये बसवलं होतं. रतनबाईच्या मनात आलं, येऊ दे. कळू दे एकदा समद्यांना, नदी कुणाला कळती ते.

हातातलं लुगडं पिळून होईस्तोवर हा विचार टिकला. मग खालून एका मुलीचं हसू ऐकू आलं, आणि ती लुगडं तिथंच टाकून दगडांवरून पळत सुटली.

"याकूब! काढ समद्यांना भायेर!"

तिघी बाहेर आल्या. तोवर लोंढा आला आणि चौथीची ट्यूब त्या मोठ्या खडकाला आपटून उलटली. पोरगी कडेला लटकली होती आणि कपार तिचे पाय ओढत होती. याकूब उडी घ्यायला निघाला.

"तू न्हाई! दोराचं टोक दे, अन् दुसरं घट धरून ऱ्हा."

दोर घेऊन रतनबाई खडकाच्या वरून शिरली. डाव्या अंगाला पाण्याखाली वीतभर पायरी होती, ती तिच्या पायाला बरोबर सापडली. पोरीच्या काखेतून दोर गुंडाळून तिनं ओरडून सांगितलं, आणि याकूबनं पोरगी आडवी ओढून काढली. रतनबाईचा गुडघा फुटला.

काठावर याकूब दोर गुंडाळू लागला. "आक्का, आज तुमच्यामुळं..."

"गप," ती म्हणाली. "तू इचारलंस तवा म्या सांगितलं न्हाई. कपार मला ठावी हुती. जळत हुते तुझ्यावर."

याकूबनं ट्यूबा टेम्पोत टाकल्या आणि निघून गेला. त्या साली तो परत आलाच नाही. रतनबाईला जेवण गोड लागेना.

मे महिन्यात आला, तो चालत. नदी आटून तिचा काळा खडक उघडा पडला होता. "आता दावा," एवढंच म्हणाला. तिनं एकेक कपार, एकेक खळगा, त्याला हात घालून बघायला लावला. पुढची कितीएक वर्षं ट्यूबा त्याच्या, पण पाण्यात सोडायच्या की नाही ते रतनबाई ठरवी. ती नको म्हणाली की टेम्पो माघारी फिरे.

तरी कुणी 'याकूबभाईंची नदी' म्हटलं की ती 'कुणाची?' म्हणून खडसवायचीच. आणि वर झाडीत, धबधब्याच्या मागं, एक हिरवागार डोह आहे. तो मात्र तिनं याकूबला कधी दाखवला नाही.