थोरलीचा खिळा

"डोळं झाका की, बाई. उगडं ठिवून काय दिसणाराय?"

मामांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी हे ऐकावं लागायचं. माणूस पोळपाट न्यायला आलेला असो नाहीतर लाटणं बदलून मागायला, मामा त्याला डोळे मिटायला लावत. मग त्याचं बोट धरून दोन सारख्या वस्तूंवरून एकामागून एक फिरवत आणि विचारत, "जुळलं का?" भलीथोरली माणसं तिथं आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी उभी असत. तुम्ही रस्त्यावरून पाहिलं असतंत तर हसला असतात. मीही हसायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड. शेजारी मागवाल्यांचं घर, त्यामुळे दिवसभर खटखट चालू. मामा लाकूड कातायचे. खरादावर चौकोनी तुकडा अडकवायचा, मोटर सुरू करायची आणि गरगर फिरणाऱ्या त्या लाकडाला हातातली पटाशी लावायची. बघता बघता तुकड्याला मान यायची, मग पोट, मग कंबर. पूर्वी ते मागाला लागणाऱ्या लाकडी कांड्या करत. प्लास्टिक आलं तशा त्या बंद झाल्या. मग पाळण्यांच्या, कठड्यांच्या कातीव दांड्या हेच काम राहिलं. माणूस मूळचा सीमेवरच्या मैंदर्गी गावचा. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, शेजारच्या मागवाल्यांशी तेलुगू, आणि खराद चालू असताना कुठल्याच भाषेत नाही. मी शाळेत शिकवायची, म्हणून त्यांच्या तोंडी कायम 'बाई'.

आता मी पडले घाईची. आयुष्यभर घंटेवर चाललेली बाई मी. मला कुणी "थांबा" म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण खरं सांगते, त्या शेडमध्ये माझी घाई कुठं जायची कुणास ठाऊक. भर उन्हाची वेळ, पत्रा तापलेला, खरादाची एकसुरी घरघर, पायांत भुशाचा गालिचा. फिरणाऱ्या लाकडाच्या कडा दिसेनाशा व्हायच्या, नुसता एक धूसर आकार हवेत तरंगत राहायचा. मग मामा लाखेची लाल कांडी त्यावर टेकवत. घासून तापलेली लाख वितळायची आणि तो धूसर आकार बघता बघता लाल व्हायचा. बाकावर बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा. जाग आली की मामा म्हणायचे, "झोपा की. लाकूड कुटं पळून चाललंय?"

त्यांच्या बोटांचा दबदबा मोठा. एकदा एका नव्या बंगल्याच्या जिन्यासाठी दांड्या घ्यायला एक तरुण इंजिनीअर आला. खिशातून आकडे दाखवणारा चिमटा काढला, मापं घेतली आणि म्हणाला, "ह्या एका दांडीत फरक आहे."

मामांनी डोळे मिटून त्या दांडीवरून बोट फिरवलं. मग त्याच्या चिमट्यावरून फिरवलं.

"सायेब, तुमच्या चिमट्याला भुसा चिकटलाय की."

साहेबांनी रुमालानं चिमटा पुसला, पुन्हा माप घेतलं, आणि मुकाट्यानं दांड्या गाडीत भरायला लागले.

घरातही तीच तऱ्हा. मामी भाकरी वाढायच्या आणि हे डोळे मिटून तिच्या कडेवरून बोट फिरवायचे. "दुसरी भाकरी रागात थापलीस गं." मामी परातीवरूनच ओरडायच्या, "साकु! गप गिळा. रागातली तिसरी आसंल, ती थापलीच न्हाय अजून." साकु म्हणजे पुरे. तो शब्द त्या घरात दिवसातून पन्नासदा तरी ऐकू यायचा.

पण मला सांगायचंय ते भिंतीबद्दल. शेडच्या मागच्या भिंतीवर ओळीनं खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक दांडी टांगलेली. कुठलंही काम आलं की मामा पहिली दांडी जीव ओतून करायचे, बाकीच्या सगळ्या तिच्याशी जुळवायचे आणि पहिली भिंतीवर टांगून ठेवायचे. ती गिऱ्हाइकाला कधीच द्यायची नाही. चौदा हव्या असतील तर मामा पंधरा करणार. पुढं कधी कुणाची दांडी मोडली तर बघायला मूळ आपल्याकडं असावं, हा हिशेब. त्या पहिलीला ते थोरली म्हणत. कुणाची थोरली कुठल्या खिळ्यावर आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

मी एकदा म्हटलं, "अहो मामा, थोरलीचं लग्न आधी करतात. तुम्ही धाकट्यांना आधी उजवता, हा कुठला न्याय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्यात तसंच झालं की. आई गेली तवा आमी पाच जण बारकी. थोरल्या अक्कानं लगीनच केलं न्हाय. आमाला घडवलं, येकेकाला धाडून दिलं. ती ऱ्हायली मैंदर्गीतच." मग मोटर सुरू केली. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी पाळण्याच्या दांड्या मामांनीच कातल्या होत्या. चौदा. तो पाळणा पुढं नणंदेकडे गेला, तिथून तिच्या जावेकडे, आणि शेवटी कुणाच्या तरी माळ्यावर वाळवीनं खाल्ला. दिलेली वस्तू परत येत नाही, मग ती पातेली असो की पाळणा. म्हणून माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी ठरवूनच टाकलं, पाळणा नवा, पण दांड्या तश्शाच. आमची थोरली भिंतीवर होतीच, खिडकीपासून तिसऱ्या खिळ्याला.

नात झाली. बारशाला बारा दिवस. सुतारानं चौकट करून ठेवली. सागाच्या एकाच फळीतून चौदा तुकडे निघाले. मामांनी ते घेतले, आणि काम काही पुढं सरकेना. आज मोटर बिघडली, उद्या पटाशीला धार नाही, परवा पाय दुखतोय. चौथ्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन तोंड सोडलं. "मामा, पोरीचं बारसं करायचंय, लग्न नव्हे!"

ते लाटण्याला लाख चढवत होते. वितळलेली लाख त्यांच्या बोटाला चिकटली, चांगली जाडसर. तशी चिकटली तर तुम्हीआम्ही किंचाळून हात झटकू. मामा तसेच काम करत राहिले. त्यांना कळलंच नव्हतं.

"मामा, बोट!"

त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग हळूच मोटर बंद केली.

"शुगरनं खाल्ली वो बोटं," ते म्हणाले. "सा म्हैनं झालं. हितं कायच लागत न्हाय." त्यांनी दहाही बोटं माझ्यासमोर धरली. "पटाशी धरता येती. पर जुळलं का न्हाय, ते कळंना. डोळं गेलं आसतं तर चाललं आसतं, बाई."

त्यांचं सगळं आयुष्य त्या 'जुळलं का?' या प्रश्नावर उभं होतं, आणि तो आता त्यांना स्वतःला विचारता येत नव्हता. खूप वाईट वाटलं मला. मग त्यांनीच भिंतीवरून आमची थोरली काढली, बाकावर ठेवली आणि म्हणाले, "तुमी बसा हितं. डोळं झाका. तुमचं बोट मला द्या."

तर अशी मी निवृत्तीनंतर पुन्हा कामाला लागले. रोज दुपारी बाळ-बाळंतीण झोपली की शेडमध्ये. मामा कातायचे, थांबायचे. मी डोळे मिटून आधी थोरलीवरून बोट फिरवायची, मग नवीवरून. "मानेशी जरा जाड." घरघर. "आता?" "अजून एक केस." घरघर. पहिल्या दिवशी मला सगळंच सारखं लागायचं. दुसऱ्या दिवशी फरक कळायला लागला. डोळे मिटल्यावर ती दांडी केवढी मोठी होते, सांगून पटायचं नाही. टेकडी येते, उतार येतो, मग एक खोलगट वळण, आणि त्या वळणात मी तंद्रीत कुठच्या कुठं जायची. लेकीला तिच्या पाळण्यात मी झोका देतेय असंही मध्येच वाटायचं. शेजारचे माग वाजत असायचे, पण कुठंतरी लांब.

एकदाच मी लबाडी केली. बाळ रडतंय असा घरून निरोप आला आणि मी बोट न फिरवताच म्हटलं, "जुळलं हो मामा."

"न्हाय बाई. बोट फिरवलं आसतं तर तुमी इतक्या लवकर बोलला नसता."

बसले पुन्हा. ती खरंच जुळलेली नव्हती.

बारशाच्या आदल्या दुपारपर्यंत तेरा झाल्या. चौदावीत गाठ निघाली आणि खरादावरच ती उभी चिरली. सागाचा तुकडा शिल्लक नाही, वेळ त्याहून नाही. मी रडकुंडीला आले. मामांनी चिरलेली दांडी खरादावरून काढली. मग म्हणाले, "तुमी जावा. मी बगतो."

सकाळी सुतार चौदा दांड्या घेऊन दारात. लालभडक, चकचकीत, सगळ्या एकसारख्या. मला काय आनंद झाला! वाटलं, बोटं परत आली यांची. रात्रीतून चमत्कार झाला.

मामा बारशाला आले. धुतलेला सदरा, टोपी. बायका पाळण्याभोवती गात होत्या, त्यांतून वाट काढत ते पाळण्यापाशी गेले. डोळे मिटून दांड्यांवर हात ठेवला त्यांनी. मी लाडवाचं ताट घेऊन चालले होते.

"काय मामा, माझ्या बोटाशिवाय जमलं की!"

"जमलं की." मग जरा खालच्या आवाजात, "बाई, जुळलं का?"

"जुळलं, जुळलं. चला जेवायला, पानं वाढलीयत."

ते हसले आणि जेवायला बसले.

त्यानंतर मामांनी काम घेतलं नाही. पाय बिघडला, शेडला कुलूप लागलं. कधी दारात खुर्ची टाकून बसलेले दिसायचे. मी येता-जाता "काय मामा, बरं आहे ना?" विचारायची आणि उत्तराला न थांबता पुढं जायची. गेल्या थंडीत ते गेले. मैंदर्गीहून नव्वदीची अक्का आली होती. तिनं त्यांची बोटं हातात घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाहीत.

महिन्याभरानं मामींनी बोलावलं. शेड रिकामी करायची होती. "ज्येची थोरली त्येला द्यावी म्हन्ते," त्या म्हणाल्या. "तुमाला वळखू येत्यात काय बगा."

मी सरळ खिडकीपासल्या तिसऱ्या खिळ्याकडे गेले. खिळा रिकामा. धुरकट भिंतीवर दांडीच्या आकाराचा एक पांढरा पट्टा तेवढा होता. मान, पोट, कंबर, सगळं.

"मामी, आमची थोरली?"

"तुमास्नी ठावं न्हाय व्हय?" मामी माझ्याकडे बघतच राहिल्या. "बारशाच्या आदल्या सांजंला त्येनीच काडली की. जुनी लाख खरवडली, तुमच्या तेरांसंगं नवी चढवली. आनि तिला म्हनत व्हते, जा बाई, लई वर्सं म्हायेरी ऱ्हायलीस." मामींनी पदर डोळ्यांना लावला. "जन्मात दुसरी कुटली दिली न्हाय वो त्येनी."

मी घरी आले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. नात आता पुण्याला असते, पाळणा मधल्या खोलीत कडीला नुसता टांगलेला असतो. आता मला कळलं, बारशाच्या दिवशी मामा काय विचारत होते. त्या तेरा दांड्या मेलेल्या बोटांनी आणि माझ्या शिकाऊ बोटानं केलेल्या. चौदावी त्यांच्या उमेदीतली. त्या तेरा तिच्या शेजारी शोभतात का, आपला हात गेला की अजून आहे, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि मी लाडवाचं ताट घेऊन "जुळलं, जुळलं" म्हणाले होते, बोट न लावता.

डोळे मिटले. एका टोकापासून सुरुवात केली. टेकडी, उतार, खोलगट वळण. दुसरी. तिसरी. कुठंतरी ती लागेल, हात सांगेल हीच ती, अशी वाट बघत चौदावीपर्यंत गेले. मग उलटी परत आले. अजिबात घाई केली नाही. पाळणा माझ्या हातानं थोडा थोडा हलत होता आणि कडी कुरकुरत होती. तीनदा फिरले मी त्या चौदांवरून, पण थोरली काही सापडली नाही.

"जुळलं, मामा," मी म्हटलं. "या खेपेला बोट लावून सांगते."