पोरीसाठी घर बघताना

आमच्या कामात फाईल एक आणि किस्से दहा! फाईल पुढच्या ऑफिसला निघून जाते, किस्से मात्र आपल्याकडेच मुक्कामाला. मी जुन्नरची. ज्यांना सरकारमार्फत मूल दत्तक घ्यायचंय, त्यांच्या घरी जायचं, घर-माणसं-शेजारपाजार बघायचा आणि रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. आता निरगुडसरच्या संदीप-अश्विनीचंच घर घ्या. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, म्हणून त्यांनी मुलीसाठी अर्ज केलेला.

*

पहिल्या भेटीला गेले तर दारात रांगोळी, टेबलावर कांदेपोहे आणि अश्विनी पदर सावरून ट्रे घेऊन उभी! संदीपची आत्या खास मंचरहून आलेली. मी टेकते न टेकते तोच म्हणाली, "चालून दाखव गं बाईंना!"

अश्विनी बिचारी खरंच चालली.

"अहो आत्या, मी काय मुलगी बघायला नाही आले!"

"ठावं हाय की. पण बघायला आल्यात म्हटल्यावर आमाला एवढंच येतं!"

*

मग घराभोवती फेरी. "मूल अंगणात खेळणार. आसपास काही धोका?"

"छे छे! लई शांत एरिया हाय," संदीप म्हणाला.

मागं ऊस आणि उसाच्या कडेला हा भलामोठा लोखंडी पिंजरा. मी नुसतं बघितलं.

"तो व्हय? कोंबड्यांचा हाय."

आत शेळी बांधलेली! तेवढ्यात रस्त्यानं वनखात्याची गाडी भोंगा लावून गेली, 'बिबट्याचा वावर आहे, लहान मुलांना एकटं सोडू नका.' संदीपचा चेहरा पार उतरला. "बाई, आमचं कॅन्सल का?"

अरे बाबा, बिबट्यापायी घरं नाकारायची म्हटली तर जुन्नर-आंबेगावात एकही पाळणा हलायचा नाही! कंपाउंड घाल आणि लाईट लाव, एवढंच सांगितलं. पठ्ठ्यानं एवढे लाईट लावले, की आता त्या अंगणात क्रिकेटच्या मॅचेस होतील.

*

शेजाऱ्यांचं मतही घ्यावं लागतं, तेही एकट्यात. हे ऐकल्यावर संदीप घामाघूम. कारण शेजारी कोण, तर बाळूभाऊ. बांधावरून दोघांची वर्षानुवर्षं बोलाचाली बंद.

"संदीप माणूस कसा आहे?" मी बाळूभाऊंना विचारलं.

"एक नंबर भांडखोर! रोज सकाळी उठला की बांधावर हजर."

"मग मूल द्यायचं की नाही?"

"द्या म्हंजी? आजच्या आज द्या! पोर आलं की बांधावर यायला टाईम कुठं मिळतोय त्याला!"

*

खरी अडचण बाळूभाऊ नव्हतेच. खरी अडचण होती आबांची, म्हणजे संदीपच्या वडलांची. ते ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसलेले. घरातलं मोठं माणूसच मनापासून तयार नसेल, तर मी कुठल्या तोंडानं त्या घरात मूल आणू? अश्विनीला ते माहीत होतं. ती दाराला धरून उभी होती आणि तिचे डोळे मला बघवत नव्हते.

"आबा, तुमचं मत?"

"म्हैस घेताना बी आमी आधी धार काढून बघतो. ही कुणाची कोण, न बघता घरात घ्यायची?"

मला असा राग आला! पण माझ्याआधी अश्विनीच बोलली. सासऱ्यापुढं पहिल्यांदाच.

"आबा, मी तरी कुठं तुमची व्हते? मलाबी दुसऱ्याच्याच घरून आणली ना? कांदेपोहे खाऊन!"

आबांनी तंबाखू मळली, परत मळली.

"पोह्यात मीठ जास्त व्हतं," ते म्हणाले. मग तंबाखूची चिमूट तोंडात टाकत, "आणा."

*

दीड वर्षाची पोरगी घरी आली. नाव ठेवलं परी. पोर घरात रुळली का, हे बघायला आम्हाला नंतरही अधूनमधून जावं लागतं. निघायच्या आधी मी फोन केला तर अश्विनी हसू दाबत म्हणाली, "बाई, जरा सांभाळून या. तुमी परीला माघारी न्यायला येताय, असं कुणीतरी आबांच्या डोक्यात भरवलंय."

गेले. दाराला बाहेरून कुलूप! ओट्यावर एकटे आबा, भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून.

"रामराम आबा. परी कुठंय?"

"कोण परी?"

"तुमची नात."

"आमच्यात कुणी पोरगी नाय, बाई. गाव चुकलं तुमचं. शिनोलीला बघा."

एवढ्यात घोंगडीखालून दोन इवलेसे पाय बाहेर आले. पायात चांदीचे पैंजण. मी पायांकडं बघितलं. आबांनीही बघितलं. सावकाश घोंगडी पुढं ओढली, पाय झाकले आणि माझ्याकडं रोखून बघत म्हणाले,

"माझेच हायत!"