शेजारच्या सीटवरच्या प्रभाकाकू

इन्शुरन्स कंपनीला फोन लावायचा असला की प्रभाकाकू आधी मेथीची जुडी घेऊन बसायच्या. फोन स्पीकरवर, पलीकडे तेच ते संगीत, आणि इकडे काकूंची बोटं पानं खुडत असायची. "यांचं होईस्तोवर आपली भाजी होते," म्हणायच्या. माझ्यासाठी त्यांनी पहिल्यांदा फोन केला, त्या दिवशी दोन जुड्या संपल्या.

मी तेव्हा बावीस वर्षांची, नागपूरहून अमेरिकेत एमएस करायला आलेली. इंटर्नशिपसाठी उन्हाळाभर नेपरव्हिलला राहायचं होतं आणि ओळखीतून काकूंकडे खोली मिळाली होती. काकू मूळच्या मिरजेच्या, सत्तरीला टेकलेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं ऑफिस आठ मैलांवर, तिकडे बस नाही, आणि माझ्याकडे फक्त शिकाऊ परमिट. पहिल्याच रविवारी काकूंनी विचारलं, "गाडी येते?" मी नाही म्हटलं. "मग माझ्या गाडीवर शिक. पण आधी इन्शुरन्स."

ते काही सोपं नव्हतं. माझी स्वतःची गाडी नव्हती, त्यामुळे दोन-तीन महिन्यांपुरती वेगळी पॉलिसी मिळेना. काकूंच्या पॉलिसीत तेवढ्यापुरतं माझं नाव घालणं हाच मार्ग होता. फोनवरचा तरुण कंटाळला होता. म्हणाला, "कधीमधी चालवणार असेल तर राहू द्या की. नाहीतर भाची म्हणून सांगा, लवकर होईल."

काकूंची बोटं थांबली. "ती माझी भाची नाही," त्या आपल्या सावकाश, ठसक्यातल्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या घरात भाड्यानं राहते. आणि कधीमधी नाही, रोज चालवणार आहे. तसंच लिहा." तो हो म्हणाला. "तोंडी नको. ईमेल पाठवा. तोवर मी फोन ठेवत नाही."

ईमेल आली. चष्मा लावून काकूंनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि मगच चावी माझ्या हातात दिली. एका परक्या मुलीसाठी कुणी एवढं का करावं, ते मला कळेना. विचारलं तर म्हणाल्या, "गाडी चालवताना तुझं लक्ष रस्त्यावर हवं. कागदांची काळजी माझ्याकडे."

शिकवताना त्या कधी ओरडल्या नाहीत. सोडत मात्र नसत. "आरसा बघ. बघितल्यासारखं नको करू, बघ," हे मी दिवसातून दहादा ऐकायची. आधी शाळेचं रिकामं पार्किंग, मग कॉलनीतले रस्ते, मग ऑफिसचा रस्ता, असं करत महिना गेला.

आणि एका शनिवारी सकाळी डावीकडे, म्हणजे इथे समोरच्या गाड्यांना आडवं जाऊन, वळताना माझा अंदाज चुकला. समोरून येणारी गाडी आमच्या गाडीच्या कोपऱ्यावर आदळली. आवाज थांबला तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द होता, व्हिसा. मी जे बोलले ते आजही लिहायला लाज वाटते. "काकू, प्लीज, तुम्ही चालवत होतात असं सांगाल का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. "आधी त्या बाईंना बघू," म्हणाल्या आणि उतरल्या.

दुसऱ्या गाडीत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. मनगट सुजलं होतं. काकूंनी त्यांना हळूच उतरवून फुटपाथच्या कडेला बसवलं, आपली ओढणी त्यांच्या हाताला बांधली आणि त्यांच्याशी बोलत राहिल्या. पोलिसांची गाडी दिसली तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. "मुक्ता, गाडी तू चालवत होतीस. मी शेजारी होते. दोघीही तेच सांगू. तू बोल. मी इथून हलत नाही."

मी बोलले. बोलत होते तेवढा वेळ काकूंचा तळवा माझ्या पाठीवर होता. पोलिसानं माझं परमिट पाहिलं, इन्शुरन्सच्या कागदावरचं नाव पाहिलं, मला दंडाचं तिकीट दिलं आणि शांतपणे म्हणाला, "खरं सांगितलंत, बरं केलंत." त्या बाईंचा उपचार, गाड्यांची दुरुस्ती, सगळं इन्शुरन्सनं केलं. फोनवरच्या त्या तरुणाचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

गाडी दुरुस्त होऊन आली, तेव्हा मी म्हटलं, "काकू, मी आता स्टिअरिंगला हात लावणार नाही."

त्या माझ्यासमोर बसल्या. "मी बावन्नाव्या वर्षी शिकले. यांनीच शिकवलं. कॅन्सर होता. पाठीशी उशी ठेवून शेजारी बसायचे, धड बसवायचंही नाही. आपल्यामागे हिचं अडायला नको, एवढंच डोक्यात. एक दिवस मी गॅरेजच्या दारातच गाडी घातली. रडायला लागले. हे काय म्हणाले, माहितेय? 'आता मागे घे.' बास, तेवढंच." मग त्या उठल्या. "चल. मागे घे गाडी."

मी गाडी मागे घेतली.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. बातमी कळली तेव्हा मी माझ्या नोकरीच्या गावी, अ‍ॅशबर्नला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. गाडीत तशीच बसून राहिले. डोळ्यांसमोर आला तो ड्रायव्हिंग टेस्टचा दिवस.

मी पास झाले होते. परतताना काहीतरी बडबडत होते, पण शेजारून उत्तर येईना. सिग्नलला थांबून पाहिलं, तर काकू झोपल्या होत्या. मान कलंडलेली, हात मांडीवर सैल पडलेले. इतक्या आठवड्यांत माझ्याशेजारी बसून त्यांनी एकदाही डोळा मिटला नव्हता.

घर आलं. मी वळले नाही. कॉलनीला एक वळसा घातला, मग तळ्याकडून दुसरा. प्रत्येक स्टॉपच्या पाटीला पूर्ण थांबत होते, त्यांना जरासुद्धा हिसका बसणार नाही अशा बेतानं.