डब्यातलं ऊन

माझ्या भावोजींइतका आडमुठा माणूस उभ्या गिरणगावात झाला नाही. चिंचपोकळीत हातगाडीवर भंगार गोळा करत मी स्वतःचं दुकान उभं केलं. गंजक्या पाइपासाठी तासभर घासाघीस करणारे भले भले मी वाकवले. हा माणूस मात्र तसूभर हलला नाही, आणि ते मला अजून सलतं.

भावोजी गिरणीत बॉयलरवर होते. गिरण्यांचा संप लांबला तसे काळाचौकीच्या त्यांच्या चाळीतले कुणी पत्ते कुटू लागले, कुणी कोकणात परतले. भावोजी गच्चीवर चढले आणि ऊन साठवू लागले. सलूनवाल्यांकडचे तडकलेले आरसे त्यांनी उलट्या छत्रीसारखे मांडले. मधल्या लोखंडी पेटीत विझलेला चुना ठेवायचा, आरशांच्या उन्हाने त्यातलं पाणी उडवायचं आणि तो बिस्किटांच्या डब्यात हवाबंद करायचा. पुढे कधीही पाणी घातलं की कोंडलेली उष्णता परत. डब्यांवर ते खडूने 'चैत्र, भरदुपार', 'वैशाख, ढगाळ' असं लिहीत. बहिणीने एकदा त्या उष्णतेवर भात लावला, तो कच्चाच राहिला. भावोजींनी डबा फिरवून पाहिला आणि तिलाच सुनावलं, "ढगाळ घेतलास कशाला?"

लोक हसले. मला त्यात धंदा दिसला. माझ्याकडचं एक जाड टाकं मी त्यांना दिलं. त्यांनी त्याची चुन्यावर चालणारी वाफेची भट्टी केली, वर दाबाचा काटा बसवला. दादरच्या एका लॉन्ड्रीवाल्याला रॉकेलशिवाय वाफ हवी होती. तीन आठवडे त्याच्या मानगुटीवर बसून मी भावोजींसाठी कायमची नोकरी कबूल करून घेतली. अट एकच: वाफ दाखवा आणि लगेच दादरला येऊन सही करा, कारण भागीदार पाचला गावाला निघणार.

ठरल्या दिवशी गच्चीवर वाफ झकास आली. काटा चढला तसा लॉन्ड्रीवाला जिन्याकडे सरकला आणि खाली टॅक्सीत जाऊन बसला. साडेचार झाले. मी चला म्हटलं, तर भावोजी झडपेवर हात ठेवून उभे. एकदम सोडली तर उकळता चुना अंगणातल्या माणसांवर उडेल, हळूहळूच उतरवायला हवी, म्हणाले. मी म्हटलं, मी थांबतो, तुम्ही जा.

"शेठ, तुझ्याकडे बॉयलरचं सर्टिफिकेट आहे?"

"भावोजी, घरात तांदूळ नाही."

"मला ठाऊक नाही होय?" काट्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

खाली तीनदा हॉर्न वाजला. मग टॅक्सी गेली. मी त्यांना नको नको ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग झडप किंचित सैल करत सांगू लागले. संपाच्या पहिल्या दिवशी सगळे घोषणा देत बाहेर पडले, साहेबही निघून गेले. पाळी बदलायला कुणी आलंच नाही. बॉयलर निवेपर्यंत ते एकटे आत थांबले, आणि गेटबाहेर आले तेव्हा आपल्याच माणसांनी त्यांना फितूर म्हटलं.

"भरली वाफ टाकून येता येत नाही रे," ते म्हणाले. "पण तेव्हा ऐकायला कोण होतं?"

काटा शून्यावर आला तेव्हा त्यांनी झडपेवरून हात काढला. तळवा लालभडक झाला होता. लॉन्ड्रीवाला पुन्हा फिरकला नाही. भावोजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या नोकरीवरून मी आजही मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतो. आणि मधेच वाटतं, ते गिरणीतून एकटे बाहेर आले, तेव्हा गेटवर मी असायला हवा होतो.